सुप्त, मृत आणि अखाजीचं डेरगं

भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या भावाने ज्वालामुखीच्या वाटेवरची नोकरी धरावी, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. भाऊ माझ्याहून धाकटा. भुसावळला डिझेल इंजिनाचं काम शिकला आणि रेल्वेत चिकटायचं सोडून अंदमानात एका लाँचवर मेकॅनिक म्हणून गेला. साक्रीजवळच्या आमच्या गावात तोवर कोणी समुद्रही पाहिलेला नव्हता. लाँच दूरच्या बेटांवर धान्य आणि रॉकेल पोचवायची. वाटेत एक ओसाड बेट लागायचं. त्याबद्दल तो सुट्टीत आला की मला चिडवायचा, की तुझ्या पुस्तकातला ज्वालामुखी मी दर फेरीला बघतो, त्याच्यावर रानटी बकऱ्या चरतात, तुला कोणी विचारत नाही.

मी एरंडोलला शाळेत होते. नव्वदीच्या दशकाची सुरुवात, उन्हाळा तोंडावर आलेला. एका संध्याकाळी पोळ्या करताना रेडिओवर बातमी लागली. अंदमानच्या समुद्रातला ज्वालामुखी जागा झाला आहे, धूर आणि राख वर चढते आहे, बेटावर मनुष्यवस्ती नसल्याने काळजीचं कारण नाही. तव्यावरची पोळी जळाली. वस्ती नव्हती हे मलाही माहीत होतं. माझा भाऊ त्या बेटाजवळून जात होता, हे बातमी देणाऱ्याला माहीत नव्हतं.

काही दिवसांनी गावी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तार आली. लाँच परत आलेली नाही, शोध चालू आहे. त्यानंतर नाना साक्रीच्या पोस्टात जाऊन अंदमानला ट्रंक कॉल लावायचे आणि दुपारभर बाकावर बसून राहायचे. लागलाच तर पलीकडचा आवाज तेच सांगायचा, शोध चालू आहे. लाँच त्या बेटाजवळच्या राखेत अडकली की साध्या वादळात, तेही कोणाला सांगता येईना.

शाळेत परीक्षेआधीची उजळणी चालली होती आणि ज्वालामुखीचा धडा टाळता येत नव्हता. मी फळ्यावर आकृत्या काढल्या. जमिनीच्या लांब भेगांमधून शांतपणे पसरणारा लाव्हा, तो आपल्याकडचा. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो काळा खडक सगळा त्याचाच. मग ढालीसारखे पसरट ज्वालामुखी. मग उंच शंकूचे, तोंड बुजून राहणारे आणि एकदम फुटणारे. शेवटी जागृत, सुप्त आणि मृत. एका मुलीने विचारलं, "बाई, लाव्हा दिसल्यावर माणसं पळत का नाहीत?"

मी सांगितलं, लाव्हा बहुतेक वेळा सावकाश येतो, त्याच्यापुढून पळता येतं. माणसं मरतात ती दुसऱ्याच कशाने. तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट उतारावरून मोटारीपेक्षा जोरात येतो, त्यापुढे कोणाचं चालत नाही. राख छपरावर साचली की घर बसतं. वर पाऊस पडला की त्याच राखेचा चिखल वाहतो आणि गावं पुरतो. जड वायू खळग्यात साचतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. डोंगर समुद्रात असला तर लाटा उठतात. मुली भराभर लिहून घेत होत्या आणि मी एकेक कारण माझ्या भावाला लावून बघत होते. राख इंजिनात गेली तर इंजिन बंद पडत असेल, हे पुस्तकात नव्हतं. ते मला घरी येऊन सुचलं, आणि मी भिंतीला डोकं टेकून रडले. इंजिन त्याच्याच हातात होतं ना.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. आमच्या खानदेशात अखाजी दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याच्या नावाने घागरीवर एक लहान मडकं ठेवायचं, त्याला डेरगं म्हणतात. मग उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढायचं.

नाना बाजारातून आले आणि टोपली खाली ठेवली. घागरीशेजारी डेरगं होतं. त्या वर्षी आमच्या घरातलं कोणी गेलेलं नव्हतं. नाना कोणाकडे बघेनात. आत्या पदराने डोळे पुसत नानांना म्हणाली, "भरी टाका, भाऊ. पोऱ्याले तीस लागनी व्हई." तो तिकडे तहानलेला असेल, एवढंच तिला म्हणायचं होतं. मला मात्र तिचा संताप आला, आणि तिचं खरं असेल अशी भीतीही वाटली.

माय चुलीपासून उठली. मला म्हणाली, "तू शाळामा शिकाडस ना? डोंगर मरेल शे का निजेल शे, हाई कसं ठरावतस?"

हजारो वर्षं काही हालचाल नसली की मृत म्हणतात, मी सांगितलं. आणि तरीही चुकतं. मेला म्हणून सोडून दिलेले डोंगर उठले आहेत.

"डोंगरले हजारो वरीस," माय म्हणाली. "आनि मना पोऱ्याले दोन महिना बी नहीत का?"

तिने टोपलीतलं डेरगं उचललं, धुतलं, पिण्याच्या पाण्याने भरलं आणि ओट्यावर ठेवून वर वाटी झाकली. "तो उना का पिई," आला की पिईल, एवढंच म्हणाली, आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

लाँचचा पत्ता लागला नाही. पुढे बेटही थंड झालं म्हणे. माय रोज सकाळी डेरग्यातलं शिळं पाणी तुळशीला घालून ताजं भरायची. दर अखाजीला उंबऱ्यावर बोटं उमटायची, भावाच्या नावाचं मात्र ती उमटू द्यायची नाही. मला त्या पाण्याचा राग यायचा. त्याच्यापायी आम्हाला कोणाला मोकळेपणाने रडता आलं नाही. मी तिला एकदा तसं बोललेही. ती म्हणाली, मग रड ना, कोणी धरलं आहे?

दशक सरता सरता माय गेली. पुढच्या अखाजीला घागरीवर तिचं डेरगं ठेवलं. नाना उंबऱ्याशी बसले. आजोबा, पणजोबा, मग माय. मग त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. अडवायला आता माय नव्हती.

"नको, नाना," मी म्हणाले.

त्यांनी बोट धोतराला पुसलं. मी ओट्यावर गेले. माय गेल्यापासून जुनं डेरगं कोरडं पडलं असेल, निदान आजच्या दिवस भरावं असं मनात होतं. वाटी उचलली. पाणी काठोकाठ होतं, त्याच सकाळचं. त्या घरात नानांखेरीज आता कोणी राहत नव्हतं.