आमच्या चाळीतला कालवा

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, चहा नंतर प्या. त्या दिवशी माती झाली ती माझ्यामुळेच, हे कबूल. पण माझी कल्पना चुकली असं मी आजही म्हणणार नाही!

बायकोचं, सुजाताचं, माहेर घाटावर. त्यांच्या गावात एक जुना दगडी पूल आहे, कमानींचा. खालच्या रस्त्यावरून एसटी जाते, ट्रॅक्टर जातात. आणि वरून काय जातं? कालवा! वाहता कालवा! मी पडलो लालबागचा, डोक्यावरून पाणी जाताना पहिल्यांदाच बघितलं. तिथंच ठरवलं, यंदा गणपतीत चाळीचा देखावा हाच.

आमच्या मंडळाचे सेक्रेटरी परबकाका महालावर अडून बसलेले. "दरवर्षी महाल करतो रे आपण."

"आणि दरवर्षी स्पर्धेत हरतो! यंदा नंबर नाही आला तर सगळं माझ्यावर."

झालं! प्लायवूडच्या कमानी उभ्या राहिल्या, चाळीच्या गल्लीवर आडव्या, पहिल्या मजल्याच्या गॅलरीला अगदी लागून. चार टाक्या भरल्या, पंप लावला. पाणी असं झुळझुळ वाहायला लागलं की परबकाकासुद्धा महाल विसरले.

परीक्षक यायचे त्याच दिवशी नेमकी पाणीकपात. सगळी चाळ वैतागलेली, मला मात्र चेव आला. मंडळाचा माइक घेतला आणि ठणकावून सांगितलं, "आज नळाला पाणी नसेल, पण आपल्या कालव्याला आहे! दिवसभर वाहणार! सगळ्यांनी या!"

पाच मिनिटांत सगळे आले की! बादल्या घेऊन!

पहिल्या सावंतकाकू. गॅलरीतूनच कळशी बुडवली.

"काकू, काय करताय? देखावा आहे तो!"

"मगे माइकार कित्याक सांगलंस? दारातसून पाणी जाता, भरूक नको?"

मागोमाग हंडे, टब, कुकरसुद्धा. शेजारच्या चाळीतून रांग लागली. एक आजोबा तर माझी पाठ थोपटून गेले, "मंडळानं पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलं बघ." मी ओरडतोय, हात जोडतोय, ऐकतंय कोण? तळमजल्यावाल्यांनी थेट टाकीतच पाइप सोडला. चारच्या सुमाराला पंप नुसता घुरघुरला आणि बंद पडला.

आणि परीक्षक आले. कोरडा कालवा, त्यात कुणाचा तरी प्लास्टिकचा मग पडलेला.

"पाणी कुठंय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

परबकाका माझ्याकडे बघतायत, अख्खी चाळ बघतेय. आतून मी शरमेनं मेलो होतो, पण मान खाली घालीन तर शपथ!

"पोचलं, मॅडम," मी म्हटलं. "घरोघरी. कालवा आणखी कशाला असतो?"

बाई खुदकन हसल्या. नंबर काही दिला नाही. नाही तर नाही!

ताठ मानेनं घरी आलो, घामानं निथळत. म्हटलं, "सुजाता, अंघोळीला पाणी काढ."

"कुठलं पाणी?" ती कडाडली. "आपल्या घरचं कुणी कालव्याला हात लावायचा नाही, असं दुपारी तुम्हीच बजावलंत ना? माझ्या माहेरचा कालवा, आणि सगळ्या चाळीत माझीच बादली कोरडी!"

गुपचूप बादली उचलली आणि परबकाकांचं दार वाजवलं. आत दोन पिंपं काठोकाठ भरलेली! काकांनी शांतपणे बादली भरून माझ्या हातात दिली.

"ने," ते म्हणाले. "फक्त माइकवर सांगू नकोस."