पंक्चर स्टेपनीवर चाळीस किलोमीटर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा माणूस मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते असं.

आमचं गाव कुंभार पिंपळगाव. माझ्याकडे एक सेकंडहँड कार आहे. दर दसऱ्याला तिला धुऊन, हार घालून साग्रसंगीत पूजा करतो, अगदी डिकीतल्या स्टेपनीलासुद्धा हळद-कुंकू! पण तीच स्टेपनी वर्षभर पंक्चर पडलेली होती. "उद्या काढू" म्हणत मी तिच्यावर रिकामी पोती टाकून दिली होती. आळस, दुसरं काय.

दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपारी कापूस वेचताना माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, साप चावला. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण म्हणाले, "श्वास जड होतोय, ताबडतोब जालन्याला हलवा." ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मी गाडी काढली. मागे बाळूचं डोकं मांडीवर घेऊन माझी बायको सुनंदा बसली.

घनसावंगी ओलांडली आणि मागचं डावं टायर फुटलं.

मी धावत जाऊन डिकी उघडली. स्टेपनीत हवा नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"अहो, ह्याचे डोळे झाकून राह्यले! जल्दी करा!" सुनंदा ओरडली.

पोती बाजूला ओढली, स्टेपनी हाताने दाबली... टणक! विचार करायला वेळच नव्हता. जॅक लावला, चाक बदललं आणि निघालो. जालन्यापर्यंत चाळीसेक किलोमीटर गाडी सरळ चालली.

दवाखान्यात दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं." मी तिथंच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.

मग पाणी आणायला बाहेर आलो तर गाडी एका बाजूला कललेली. तेच चाक पार रिमवर बसलेलं! शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांनी ते पाण्यात बुडवलं. नुसते बुडबुडे. टायरमध्ये दोन गंजलेले खिळे.

"सर, ह्याच्यावर कुठून आल्ते तुम्ही?"

"घनसावंगीहून."

"मजाक नका करू. ह्यात हवा दहा मिनिटं बी टिकत न्हाई."

गावातल्या पंक्चरवाल्याला विचारलं, घरात सगळ्यांना विचारलं. स्टेपनीला कुणीच हात लावला नव्हता. आणि समजा कुणी हवा भरली असेल — तरी त्या खिळ्यांचं काय?

आता मी दर महिन्याला पाचही टायरची हवा बघतो, जॅक आणि पाना जागेवर आहेत का तेही तपासतो. तुम्हीही बघत जा, माझ्यासारखे नशिबावर विसंबून राहू नका.

बाकी त्या दिवसाचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. बाळू मात्र रोज संध्याकाळी शेताच्या पाण्यावरून माझ्याशी भांडतो... आणि खरं सांगू, मला ते भांडण फार गोड लागतं.