सोनवणे सर चहाला येणार होते

संगणकासमोरून उठताना सोनवणे सर आधी स्क्रीन लॉक करत. पाणी प्यायला उठले तरी, फळ्यावर एक शब्द लिहायला उठले तरी. लाइट जाऊन लॅब अंधारी झाली, तरी उठताना त्यांची बोटं सवयीनं कीबोर्डवर जाऊन यायची. आम्ही मुली हसायचो. सर म्हणायचे, "हसा. ज्यानं खुर्ची सोडताना कुलूप लावलं न्हाई, त्यानं चोराला 'या, बसा' म्हणलं."

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले ते विद्यार्थी शोधत. तालुक्याच्या कॉलेजात बीसीए नवीन होतं, जागा भरत नव्हत्या, म्हणून कंत्राटी प्राध्यापकांना गावोगाव पाठवायचे. पिंपळगाव रेणुकाईला ते मोटारसायकलवर आले, आमच्या ओट्यावर बसले, चहा प्याले. आमच्या घरातून कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, "पोरगी पाठवतो. पण कॉलेजातून मला एक जरी बोलावणं आलं, तर त्या दिवसापासून ती घरी."

"बिनघोर राव्हा, दादा," सर म्हणाले. "अश्विनी आता माझी जबाबदारी."

शिकवणं त्यांचं असं की घरी जाऊन आईला सांगता यावं. संगणकाच्या पोटात काही प्रोग्राम आपण न सांगता चालत असतात, त्यांना सर्व्हिस म्हणतात. सर म्हणाले, "सर्व्हिस म्हंजे सालगडी. मालक झोपला तरी तो राबून राह्यला, अन् घराच्या किल्ल्या सगळ्या त्याच्यापाशी. आता बाहेरचा एखादा त्याच्या कानाला लागला, तर वाड्यात शिरायला त्या माणसाला भिंत फोडायची गरज हे का? बिलकुल न्हाई. सालगडीच दार उघडतो." साध्या खात्यावरून मालकाचे अधिकार असे मिळवले जातात, हे मला तेव्हा पक्कं कळलं. आणि सरांचा दुसरा नियम: "असं भोक दिसलं तर त्यातून जायचं न्हाई. ज्याचं घर त्याला सांगायचं."

शेवटच्या वर्षी मला तसं भोक दिसलं, आमच्याच लॅबमध्ये. आमची प्रात्यक्षिकं रोज सर्व्हरवर उतरवून घेणारी एक सर्व्हिस सरांनी स्वतः बसवली होती. ती पूर्ण अधिकारानं चालायची. पण तिचा प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये होता, त्यातच आम्ही सगळे आपापलं काम ठेवायचो. म्हणजे कुणीही त्या जागी त्याच नावाचा दुसरा प्रोग्राम ठेवला, तर संगणक पुन्हा सुरू होताना सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात. मी दोनदा तपासलं. माझंच चुकत असेल असं वाटत होतं. मग सरांना सांगितलं.

"करून दाखव," सर म्हणाले.

मी त्यांच्यासमोर एका संगणकावर करून दाखवलं. मालकाचे अधिकार असलेलं एक नवीन खातं तयार झालं. त्याला मी माझंच नाव दिलं होतं, कारण चोरून काही करत नव्हते. सरांनी स्क्रीनवर वाकून ते नाव वाचलं. "माझ्याच हातचं हे," ते म्हणाले. "बरं केलं मला आधी सांगितलं. खातं पुसू नको, प्राचार्यांना दाखवायला लागंल. तोवर कुणापाशी बोलू नको." मी बोलले नाही. रुखसाना माझी जिवलग मैत्रीण, तिलासुद्धा सांगितलं नाही.

सरांनी प्राचार्यांना काहीच दाखवलं नाही. परीक्षेआधी बाहेरून एक माणूस संगणक तपासायला आला आणि त्याला ते खातं सापडलं. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं गेलं.

बाबा धुतलेली टोपी घालून आले होते. प्राचार्य म्हणाले, "तुमच्या मुलीनं कॉलेजच्या संगणकात घुसखोरी केली." मी सरांकडे पाहिलं. ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. मी म्हणाले, "सर, तुम्हाला दाखवलं होतं ना मी? तुम्हीच खातं पुसू नको म्हणाले होते."

सर टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "माझ्यापर्यंत असं काही आलं न्हाई. पोरगी हुशार हे, सर. पण या वयात हात शिवशिवतात."

प्राचार्य घुसखोर म्हणाले, त्यापेक्षा सरांचं ते 'हुशार हे' मला जास्त लागलं. बाबांनी सोनवणे सरांपुढं हात जोडले. "सर, तुम्ही म्हणता म्हंजे तसंच असंल. लेकराला माफ करा."

परतीच्या जीपमध्ये मी हळूच म्हणाले, "बाबा, सर खोटं बोलले."

"मास्तर कशाला खोटं बोलंल? त्याला काय भेटणार त्याच्यात?"

काय मिळणार ते मला माहीत होतं. सरांची नेमणूक दर जूनला नव्यानं व्हायची, आणि ते भोक त्यांनी स्वतः ठेवलेलं होतं. मी ते सांगायला लागले, तर बाबा म्हणाले, "बस झालं, अश्विने. लोक ऐकून राह्यले."

प्राचार्यांनी परीक्षेला बसू दिलं, माझ्यासाठी लॅब मात्र बंद केली. परीक्षेनंतरचं संभाजीनगरचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मला आधीच मिळालं होतं, तेही सरांनीच शोधून दिलेलं. बाबा म्हणाले, "पेपर दे. पुढं कुठं जायचं न्हाई."

आठवड्यानं रुखसाना सांगत आली, "अगं, सरांनी तो प्रोग्राम दुसरीकडं हलवला, फोल्डरपण बंद केलं. अन् आज वर्गात तेच शिकवलं. असं असं झालं तर काय करायचं, सगळं बराबर." मी विचारलं, माझं नाव घेतलं का? ती म्हणाली, "तुझं नाव कशाला घेतील? म्हणले, समजा एखाद्या लॅबमध्ये असं झालं."

मी कॉलेजच्या फाटकाबाहेर सरांना गाठलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. म्हणाले, "ऑफिसात काही सांगू नका, सर. फक्त बाबांना एकदा खरं सांगा. ते तुमचंच ऐकतात."

सरांनी मोटारसायकल बंद केली. चेहरा ओढलेला होता. "मला झोप हे का, अश्विनी? घरी दोन लेकरं हेत माझी." मग म्हणाले, "तुमच्या गावच्या यात्रेला देवीच्या दर्शनाला येतोच आम्ही. तवा घरी चहाला येतो. दादांना मी सांगतो."

मी घरी एवढंच सांगितलं की यात्रेला सर येणार आहेत. आईनं ओटा सारवला, फुलांचे कप काढून पुसून ठेवले. आमच्याकडे यात्रेला आलेला ओळखीचा माणूस घरी टेकल्याशिवाय जात नाही. तो तसाच गेला तर लोक विचारतात, काय बिनसलं?

यात्रेच्या दिवशी बाबा देवळाच्या पायऱ्यांशी पाणी वाटायला होते. दुपारी लवकरच परत आले. टोपी काढून ओट्यावर बसले.

"आल्ते तुझे सर," ते म्हणाले. "बायको-लेकरं संगं होती. मी हात केला. माझ्याकडं पाह्यलं त्यांनी, चांगलं पाह्यलं, अन् लेकराला उचलून दुसऱ्या वाटंनं गेले."

आई म्हणाली, "गर्दीत दिसले नसताल तुम्ही."

"मनात काही नसतं तो माणूस अशी वाट बदलत न्हाई." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तू खरं बोलत होतीस. मी हात जोडले त्याच्यापुढं." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "संभाजीनगरला कधी जायचं असतं?"

मी तारीख सांगितली. सरांकडून मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बाबांना पटलं होतं, पुढचं शिक्षण मोकळं झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

आई कप आत ठेवायला उचलू लागली. मी म्हणाले, राहू दे थोडा वेळ. देवीला आलेली माणसं आमच्या गल्लीतून जात होती, आणि प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला मी मान वर करत होते.