डोळे शेवटी काढायचे

"जिवंत आहे हो अजून!"

दुकानाची पायरी चढताना बाई आधी हे ओरडायच्या आणि मग चपला काढायच्या. समोर गिऱ्हाईक असलं तर दचकायचं. एकदा एक गृहस्थ वडिलांचा फोटो फ्रेम करायला घेऊन उभे होते, तेराव्याची घाई होती, आणि मागून ही आरोळी. त्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मी काय सांगणार? ती आरोळी त्यांच्यासाठी नव्हतीच, आणि माझ्यासाठीही नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या आईसाठी ती होती. आतून उत्तर यायचं, "हायस ना? मग बस. च्या टाकते."

रोह्याच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आहे. देव आणि गेलेली माणसं, या दोघांवर आमचं घर चालतं. बाई पेणच्या. तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी हवा तेव्हा मागून घ्यायचा तास, असं सगळ्या शाळा धरून चालतात. बाईंनी उभ्या नोकरीत एकही तास दिला नाही, असं त्या स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. निवृत्त झाल्यावर गणिताच्या बाईंशी भांडण उरलं नाही, तेव्हा त्यांनी नवीन खूळ घेतलं. आपल्या भागात पूर्वीच्या बायकांनी काढलेली माणसांची चित्रं घरोघर शोधायची आणि त्यांचं प्रदर्शन भरवायचं.

तुम्ही कधी असं जुनं चित्र मागायला कुणाच्या घरी गेलात तर कळेल. घरचे लोक चित्रातल्या माणसाची सगळी कुंडली सांगतात. हे आमचे पणजोबा, यांची एवढी भातजमीन होती, यांना साहेब हात जोडून नमस्कार करायचा. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, चहासुद्धा संपवायच्या, आणि मग विचारायच्या, "चेहरा कळला. हात कुणाचा?"

घरचे म्हणायचे, असेल कुणीतरी पेंटर. मग स्वयंपाकघरातून एखादी म्हातारी म्हणायची, "आमच्या थोरल्या जाऊबायनी काढलंय ते. दुपारची कामं आटपली की बसायची." की बाई उठून थेट चुलीपाशी. कासू गावापासून नदीपलीकडच्या अष्टमी गावापर्यंत कितीतरी चित्रांच्या मालकिणी त्यांनी अशा स्वयंपाकघरातून बाहेर काढल्या.

फ्रेमांचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून चित्राखाली लावायच्या कागदी पाट्याही माझ्याच गळ्यात पडल्या. पहिल्याच पाटीवर मी लिहिलं, 'चित्रकार अज्ञात.' बाईंनी ती पाटी माझ्या देखत फाडली.

"अज्ञात कशाला? कुणी विचारलं नाही, असं लिहा."

"बाई, असं पाटीवर कसं लिहायचं?"

"मग जाऊन विचारून या."

आणि मी, भर दुपारी दुकान आईवर टाकून, स्कूटर काढून पूल ओलांडून अष्टमीला विचारायला गेलो. बाईंना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि जमलं नाही तेच बरं झालं.

माझ्या गल्ल्याच्या वर आजीचं चित्र आहे. आजी म्हणजे वडिलांची आई. नऊवारी, नथ, आणि डोळे असे की दुकानात कुठेही उभं राहा, ती तुमच्याकडेच बघते. गिऱ्हाईक घासाघीस करायला कचरतं. 'पेणच्या एका पेंटरने काढलंय,' असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तसंच सगळ्यांना सांगत होतो. बाईंनी ते चित्र कितीदा बघितलं असेल, पण एक दिवस काय वाटलं कोण जाणे, स्टूल ओढून त्या वर चढल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी चढल्या.

"अहो, हे डोळे गणपतीचे आहेत!"

"म्हणजे?"

"म्हणजे पेणच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखायला बसलेला हात आहे हा. वरची रेघ बघा, श्वास धरून एका दमात मारलीय. असे डोळे माणसाला नसतात, आपण देवाला देतो." मग नेहमीचा प्रश्न. "हात कुणाचा?"

मी पेंटरचं सांगायला तोंड उघडलं. आतला सुपाचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"माझा," ती म्हणाली.

माझ्या हातात हातोडी होती, ती तशीच राहिली. आई पेणची, लग्नाआधी कारखान्यात जायची, एवढं मला माहीत होतं. तिथे ती डोळे आखायची हे मला तेव्हा कळलं. लग्न होऊन रोह्याला आल्यावर सासूच एकदा कौतुकाने म्हणाली, माझी पण मूर्ती कर गो. आईने पुठ्ठ्यावर मूर्तीच्याच रंगांनी तिचं चित्र केलं. चेहरा, नथ, लुगडं सगळं आधी आणि कारखान्याच्या रीतीप्रमाणे डोळे अगदी शेवटी. डोळे झाले आणि आठवड्याच्या आत सासू तापाने गेली. आळीतल्या बायका बोलायला लागल्या. सुनेने डोळे उघडले आणि म्हातारीचा जीव चित्रात गेला. आजोबा भला माणूस, त्यांनी लोकांची तोंडं बंद करायला पेणच्या पेंटरची गोष्ट उठवून दिली. ब्रश मात्र आईने पुन्हा हातात धरला नाही.

"गणपतीचे डोळे उघडले की देव येतो," आई बाईंना हळूच म्हणाली. "मानसाचे उघडले की मानूस जातं."

मला वाटलं, आता शाळेतल्या बाई जाग्या होणार आणि अंधश्रद्धेवर तास घेणार. पण बाई स्टुलावरून उतरल्या, पदराने घाम टिपला आणि म्हणाल्या, "मग माझं काढा."

"येडी का काय गो तू!"

"ताई, मला शुगर आहे, बीपी आहे, गुडघ्यांची कथा तर ऐकलीतच. तुमचं चित्र व्हायच्या आधीच मी जायची. बघू तरी कोण जिंकतं!"

आईने आठवडाभर नकार दिला. बाईंनी आठवडाभर फोन केले. मग त्या रंग घेऊन पेणहून गाडीने येऊ लागल्या आणि मागच्या खोलीत बसू लागल्या. जन्मभर पोरांना 'गप्प बसा' म्हणणाऱ्या बाईंना स्वतःला दोन मिनिटं गप्प बसता येत नव्हतं. आई करवादायची. "मान हलवू नको. गणपती कधी हलला नाय माझा!"

कपाळ आलं, गाल आले, चष्म्याची काडीसुद्धा आली. चष्म्याच्या आत मात्र नुसता पुठ्ठा. दिवस चालले होते, प्रदर्शन जवळ आलं होतं, आणि आई त्या दोन जागांपाशी आली की ब्रश धुवायला घ्यायची. मला त्या चित्राकडे बघवत नसे. बाईंनी एका शब्दाने घाई केली नाही.

एक दिवस आईने सकाळी देवापुढे दिवा लावला, बाईंना समोर बसवलं आणि श्वास धरून रेघ मारली. मग दुसरी. ब्रश खाली ठेवून तिने बाईंचं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाई दुसऱ्या हाताने चहा पीत होत्या.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तोच फोन वाजला. "जिवंत आहे हो अजून! आईंना सांगा!" त्यानंतर आठवडाभर रोज फोन. पुढे येतील तेव्हा पायरीवरून आरोळी.

प्रदर्शन रोह्यातच एका शाळेच्या हॉलमध्ये भरलं. गावोगावच्या बायका आल्या, दाराशी चपला काढून आत आल्या आणि प्रत्येक चित्राला नमस्कार करत पुढे सरकल्या. काचांवर हळदकुंकू लागलं. मी पुसायला निघालो तर बाई म्हणाल्या, "राहू दे, काचेवरच आहे." आजीच्या चित्राखाली मी माझ्या हाताने आईचं नाव लिहिलं होतं. आई ठेवणीतलं पातळ नेसून दिवसभर त्या पाटीशेजारी उभी होती, लेकीच्या लग्नात उभी राहावी तशी.

बाजूलाच बाईंचं चित्र होतं. धरमतरकडून आलेल्या एका मावशींनी पिशवीतून झेंडूचा हार काढून त्यालाही घातला. त्यांच्याकडे भिंतीवरचं माणूस म्हणजे गेलेलंच. आईचा चेहरा पांढरा पडला.

"अहो मावशी, मी इथे आहे!" मागून बाई.

मावशींनी जीभ चावली. "अगो बाय माजे! आता काय करू?"

"माझ्याच गळ्यात घाला की."

मावशींनी खरंच घातला. सगळा हॉल हसला, आणि आई सगळ्यांत शेवटी, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला एक आई होतीच. ही हसणारी, रंगाने बोटं माखलेली दुसरी बाईंनी मिळवून दिली. हे मी त्यांना कधी म्हणालो नाही, म्हणालो असतो तर त्यांनी मलाच पाट्या लिहायला बसवलं असतं. आता शेजारपाजारच्या बायका आईसमोर बसायला येतात आणि आई त्यांना मान हलवू नका म्हणून दटावते.

यंदा गणपती उरकल्यावर बाईंच्या भाच्याचा पेणहून फोन आला. झोपेतच गेल्या. मी दुपारभर एकाच फ्रेमला खिळे ठोकत बसलो. आईला कसं सांगू? बाईंनी एवढ्या खटपटीने तिच्या मनातून जे काढलं, ते आता पुन्हा आत शिरलं तर?

संध्याकाळी सांगितलं. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "डोळे काढल्यावर किती वर्सं जगली रे ती?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"मोजू नको. बरीच जगली." आजीच्या चित्राकडे बघून म्हणाली, "सासूबाय तापानंच गेली रे." आणि मग ती बाईंसाठी रडली, पोटभर, मैत्रिणीसाठी रडावं तशी.

बाईंचं चित्र आता आजीशेजारी आहे. हार का नाही, असं गिऱ्हाईकं विचारतात. आई घालू देत नाही. सकाळी मी शटर वर केलं की ती बाहेर येते, स्टुलावर चढून पदराच्या टोकाने बाईंच्या चष्म्यावरची काच पुसते आणि मोठ्याने सांगते,

"जिवंत हाय हो मी अजून!"