गुडघ्यापर्यंतचं लुगडं

थळला माहेरी गेले की दोन दिवसांत माझं डोकं फिरतं. या खेपेला फिरवलं ते धाकट्या भावाने. भाऊ पंचविशीतला, लग्नाला आलेला, कंपनीत पाळीवर जाणारा. घरी आला की मोबाइलवर खेळ. त्यातली लढणारी बाई अंगावर चार पट्टे बांधून तलवार चालवते. लढाई नसली की हा तिला बोटाने गोल फिरवतो, पुढून-मागून न्याहाळतो, तिचे कपडे बदलतो. हेडफोनमधून मित्र काहीबाही बोलतात, हा खिदळतो.

मी झापलं. तो शांतपणे म्हणाला, "ताय, खेळ हाय तो. त्यात मी मानसं पन मारतो. भायेर कोनाला मारलं का?"

मला जास्तच राग आला.

त्याच संध्याकाळी तो आईला म्हणाला, "आये, उद्यापासून लुगरं नको, साडी नेस. पाय दिसतान, लोकं बघतान."

आमची आई कोळीण. गुडघ्यापर्यंत लुगडं, घट्ट कासोटा. तसंच पाण्यात उतरून होडीतली मासळी टोपलीत घ्यायची आणि डोक्यावरून आणायची, हे तिने जन्मभर केलं. तिचे पाय कुणाच्या डोळ्यांत आले नव्हते. ते या पोराच्या डोळ्यांत कधी आले? खेळामुळे? की होणाऱ्या सासुरवाडीची लाज? मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले.

सकाळी आई साडी नेसून निघाली, तशी मीही मागे गेले. पाण्यात साडी भिजून पायांत अडकू लागली. एका हाताने निऱ्या धरायच्या, मग टोपलीला एकच हात. टोपली कलली, बांगडे पाण्यात पडले. बाकीच्या बायका हसल्या. आईला तसं धडपडताना बघून मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लुगड्यात. भावाला एवढंच म्हणाली, "मना दोन हात लागतान रं."

तो मान खाली घालून चहा पीत राहिला. मी जिंकल्यासारखी आईच्या मागे निघाले.

ती पाण्यात उतरली आणि मी किनाऱ्यावरच्या पुरुषांकडे बघायला लागले, कोण कुठे बघतंय ते. कुणीच बघत नव्हतं. जो तो आपल्या जाळ्यात गुंतलेला. आईच्या उघड्या पोटऱ्यांकडे बघत होते ती मी. आणि मी तर तो खेळ एकदाही खेळले नव्हते.