जेठाच्या तोंडाचा वास

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. दोन्ही लेकींना नाही. कानबाईपुढे खोटं बोललं तर जीभ झडते म्हणतात — तिच्यापुढेही मी कधी हे ओठांवर आणलं नाही. जीभ शाबूत आहे. चांगली कात्रीसारखी चालते, आमच्या गल्लीत विचारा कोणालाही. पण ही एक गोष्ट तिच्यावर कधी आली नाही. तुम्ही मला ओळखत नाही ना? मग बसा.

सुरतेजवळ उधन्यात आमची सगळी गल्ली खानदेशची. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बारा-बारा तास उभे, आणि पाळी सुटली की पोटली — प्लास्टिकच्या थैलीतली दारू. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणे! नळाला पाणी कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं, पण पोटली कुठे मिळते ते शेंबडं पोरगंही सांगायचं. बायका मार खायच्या, पोरं उपाशी निजायची. हे खोटं नाही. हे आधी सांगते, कारण पुढे माझं खोटं येणार आहे.

मग आप्पा उभे राहिले. खात्यात मास्टर होते, लूम दुरुस्त करायचे. सख्खा भाऊ पोटलीनं गेला, आणि तेराव्यानंतर ते देवळासमोर एका खोक्यावर चढून बोलू लागले. बायांनो, नवरा तोंडानं खोटं बोलेल, तोंडाचा वास खोटं बोलत नाही! उद्यापासून गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहा. पाळीवरून येणाऱ्या प्रत्येकानं फुंकर मारायची. मगच घर.

लोक हसले. आप्पा बोलत राहिले. वर्षभरात हसणारेच रांगेत उभे राहून फुंकर मारू लागले — माणूस असाच बदलतो का हो? आधी हसतो, मग लाजतो, मग ते आपलंच होतं याला.

आणि माझं नाक! वेलची चघळली असो, कच्चा कांदा खाल्ला असो, मी पकडायचे. आप्पा भरसभेत म्हणाले, वहिनींचं नाक म्हणजे आपलं कोर्ट. मला कोणी आयुष्यात असं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन आरशात नाक बघितलं, खरंच.

पकडलेल्याचं नाव रविवारी भोंग्यावर. वर्षभर त्या घरी कोणी हळदीकुंकवाला जायचं नाही, त्या घराशी सोयरीक नाही. आणि त्या घरात कानबाई बसायची नाही. कानबाई म्हणजे आमची श्रावणातली देवी — नारळाला डोळे, नथ, साज चढवून बसवतात, दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर नेतात. आमच्या कुळाचं नारळ थोरल्या घरी असायचं. म्हणजे जेठाच्या, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या घरी. म्हणजे माझ्या जावेच्या, सुमनबाईच्या डोक्यावर. तिथे नाही बसली तर धाकट्या घरी, आमच्याकडे.

आता तुम्हाला वाटेल जाऊ खाष्ट असेल, तिनं काही केलं असेल. नाही. माझी धाकटी झाली तेव्हा सव्वा महिना माझी धुणी तिनं धुतली. चांगली होती. मला फक्त ते नारळ माझ्या डोक्यावर हवं होतं. बस. एवढंच.

जेठ रात्रपाळी करून सकाळी सातला यायचे. जेठासमोर आम्ही पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्या अंगावर आपली सावली पडू देत नाही, म्हणून त्यांची फुंकर नेहमी दुसरी कोणी बाई बघायची. कानबाईला चार दिवस राहिले होते. त्या सकाळी पुढे मीच उभी होते. मुद्दाम? हो. मुद्दाम.

ते आले. जागरणानं डोळे लाल, बारा तास उभं राहून पाय लटपटत होते. आप्पांचा पहिला चेला म्हणजे हेच, कधी थेंब घेतला नाही. आपणहून थांबले, डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं. मी दोन हात लांब होते. पदर नाकावर. मी वाकले नाही. मी हुंगलंच नाही.

मी म्हणाले, “आहे.”

आधी ते हसले. मग ज्यांनी कधी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. एवढंच. कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या बाईनं बघू दे. आप्पांना बोलावलं. माझं नाक एकदा चुकलं म्हटलं असतं, तर आधीची सगळी नावं भोंग्यावरून परत घ्यावी लागली असती. आप्पा म्हणाले, वहिनी चुकत नाहीत.

रविवारी भोंग्यावर जेठाचं नाव. सोमवारी कानबाई माझ्या डोक्यावर. आणि सांगू का, मला काही टोचलं नाही. मजा आली. सुमनबाई दाराआडून बघत होती हे मला दिसलं, आणि तिच्या दारासमोर मी दोन फेर जास्त नाचले.

मग जेठ रोज सकाळी माझ्या दारात येऊ लागले. पाळीवरून थेट. तोंड उघडून उभे राहायचे. “हुंगी देख माय, एक डाव हुंगी देख.” मी दार लावून घ्यायचे. एकदा माझ्या धाकटीनं खिडकीतून नाक दाबून ओरडून सांगितलं, “छी, पोटल्या!” मी पोट धरून हसले. तिला जवळ घेतलं. तेच नाव गल्लीभर झालं. खात्यात झालं. पगार वाटतानाही तेच नाव. दोन-अडीच महिने आले ते, मग बंद झाले.

वर्षानं पुतणीची सोयरीक मोडली. पोटल्याची पोर कोण करणार? आप्पा त्यांच्या घरी गेले, म्हणाले, कबूल कर, गल्ली माफ करेल. आणि जेठ सभेत उभे राहिले आणि न केलेलं कबूल केलं. टाळ्या काय पडल्या! वर्षभर ज्यांनी रामराम घेतला नव्हता ते गळ्यात पडले. पोरीचं लग्न झालं.

दर श्रावणात आप्पा त्यांना बोलायला उभं करायचे. पहिल्या वर्षी नुसतं ‘चूक झाली’. मग कुठल्या अड्ड्यावर, कोणासोबत. मग किती. मग — बायकोला मारायचो. सुमनबाईला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं हो! ती पहिल्यांदा हे ऐकून खाली मान घालून बसली. काही वर्षांनी तीही मान डोलावू लागली.

आप्पा गेले. घरोघरी त्यांचा हार घातलेला फोटो आहे. आता आमच्यात अक्षता पडायच्या आधी नवरदेव फुंकर मारतो, डीजे थांबवतात, बाया हसतात. पोरांना वाटतं हे खानदेशातून पूर्वजांपासून आलंय. नवरदेव दारूबंदी नसलेल्या दमणला जाऊन पिऊन येतो, वेलची चघळतो, फुंकर मारतो. पहिलं हुंगायचा मान माझा, खुर्ची टाकतात मला. आता मला सर्दीशिवाय काही कळत नाही, तरी मी म्हणते, नाही. सगळ्यांना मी ‘नाही’ म्हणते.

यंदाच्या कार्यक्रमात जेठांना दोघांनी धरून माईकपाशी आणलं. थकलेत. अड्डा सांगितला, मारहाण सांगितली. मग एकदम म्हणाले, त्या सकाळी मी दोन पोटल्या लावून आलो होतो, आणि वर हिच्या दारात जाऊन महिनोन् महिने खोटं बोललो. देवीसारखी बाई, तिला खोटं पाडायला बघत होतो. रडत होते. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला — ते नाटक करत नव्हते. त्यांना ते आठवत होतं. पोटलीची चवसुद्धा आठवत असेल. ते प्यायले नव्हते हे जगात दोघांना ठाऊक होतं, त्यातले ते आता उरले नव्हते.

मग ते वाकले. थोरला जेठ, धाकट्या भावजयीच्या पायांवर. सभा उभी राहिली. तेव्हा सांगता आलं असतं, माईक होता, सुमनबाई समोर होती. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, “माफ केलं.”