कव्हरवरचा केक

जळणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात, कारण तो दुसऱ्याच्या बारीकसारीक गोष्टींवर डोळा ठेवून असतो. मी सॅमसनसरांवर नऊ वर्षं जळलो. म्हणजे माझा साठा केवढा असेल बघा!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या आमच्या खासगी कॉलेजात तळमजल्यावर कुकिंग, पहिल्यावर मीडिया आणि दुसऱ्यावर आम्ही डिझाइनवाले. सॅमसनसर कुकिंगचे हेड. प्रॉस्पेक्टसचं कव्हर दरवर्षी मी करायचो आणि त्यावर फोटो असायचा सॅमसनसरांच्या पदार्थांचा. त्यांच्या पॅटिसचा फोटो मी स्वतःच्या हाताने रबर सोल्युशन लावून कव्हरच्या आर्टवर्कवर चिकटवायचो. एकदा तरी तिथे माझ्या मुलांचं काम यावं, एवढीच माझी इच्छा होती.

*

आमच्या स्क्रीन प्रिंटिंगची फिल्म काढायला मीडियाची मुलं कॉलेजचा एकुलता एक व्हिडिओ कॅमेरा घेऊन निघाली. माझ्या मजल्यावर पोचायला त्यांना दोन तास लागले. कॅसेट लावली, तर पंचवीस मिनिटं समोसे तळले जात होते. शेवटी पाच सेकंद मी दारात उभा.

"बॅटरी संपली, सर," कॅमेरावाला म्हणाला. त्याच्या शर्टावर चटणी होती.

*

उरणहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीने पेन्सिलने कर्नाळ्याचा सुळका असा काढला होता की मी बघतच राहिलो. अर्धा तास मी त्यांना डिझाइनमध्ये किती स्कोप आहे ते समजावलं. खालून पाव भाजल्याचा वास येत होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमी सांगता ते बराबर हाय. पन हिला खालच्या सरांकडंच घाला. तिथं पोर उपाशी तरी नाय रानार."

पुढे त्या मुलीची आयसिंगची नक्षी बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

माणूस वाईट असता तर जळायला सोपं गेलं असतं. माझ्या वाढदिवसाला सॅमसनसरांनी घरी केक पाठवला. मी म्हटलं, जरा कोरडाच झालाय. बायकोने तीन तुकडे खाल्ले आणि मग मान्य केलं.

*

नवव्या वर्षी मी प्रिन्सिपलबाईंना सांगून टाकलं की यंदा कव्हरवर आमचा फोटो, नाहीतर कव्हर दुसऱ्याकडून करून घ्या. बाई चक्क हो म्हणाल्या. आमच्या वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी हॉलचा फोटो काढायचं ठरलं. त्या गडबडीत माझ्या कपाटातला व्हार्निशचा डबा नाहीसा झाला. मी मुलांना झापलं.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलमध्ये आलो, तर पोस्टरांच्या मधोमध टेबलावर केक! अख्खा कर्नाळा किल्ला, सुळक्यासकट. हात त्याच उरणच्या मुलीचा. शेजारी सॅमसनसर उभे.

"सॅमसनसर, आज तरी तुमचं खाली ठेवा," मी म्हटलं.

ते जागचे हलले नाहीत. "राहू दे ना इथे. आमचं सगळं चार वाजेपर्यंत संपतं. तुमचं भिंतीवर राहतं. नऊ वर्षं बघतोय मी."

खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. मी केक राहू दिला.

प्रमुख पाहुणे आले. पोस्टरांकडे पाठ करून ते थेट केकपाशी गेले आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी सुरी उचलली. सुरी आत जाईना. त्यांनी जोर लावला. सुरी वाकली.

"व्हार्निशचे दोन हात दिलेत," सॅमसनसर हळूच म्हणाले.

पाहुण्यांसकट सगळा हॉल हसत सुटला आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. बाईंनी कव्हरला तोच निवडला. मी रबर सोल्युशन लावून तो चिकटवला.

मे महिन्यात हॉलला रंग दिला. आमची पोस्टरं उतरवली, ती परत लागलीच नाहीत. मी कॉलेज सोडलं तेव्हा केक प्रिन्सिपलबाईंच्या काचेच्या कपाटात होता. सुळक्याचा एक टवकाही उडाला नव्हता.